नकाराची शाळा

आपल्याकडे मुलगा बारावी झाला की घरात दोनच विषय असतात. मार्क किती पडले आणि अ‍ॅडमिशन कुठे मिळणार? अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचे गाव आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही गेली पंधरा वर्षे तिथे राहतो. या गावात अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी आणखी एक विषय असतो आणि तो या दोहोंपेक्षा मोठा असतो : ‘कॉल आला का?’

हा कॉल टेलिफोनचा नव्हे. हे बोलावणे असते धर्मकार्याचे. आमच्या गल्लीत आमचे घर सोडले तर झाडून सारी कुटुंबे मॉर्मन आहेत. मॉर्मन हे लोकांनी पाडलेले नाव. पंथाचे खरे नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला आणि १८४७ साली ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग त्याचे अनुयायी युटाच्या या डोंगरांत येऊन वसले. आपल्याला पूर्ण नावानेच ओळखावे, असा आग्रह पंथाने २०१८ पासून धरला आहे. वाचकांच्या सोयीसाठी मी इथे जुने, आटोपशीर नाव वापरते. माझे शेजारी तेवढे समजून घेतील.

या पंथात मुलाने वयात आल्यावर दोन वर्षे घर सोडून धर्मप्रसाराला जावे, अशी अपेक्षा असते. २०१२ पर्यंत मुलांसाठी वयाची अट एकोणीस होती. त्या वर्षी ती अठरा झाली. मुली गेल्या तर कौतुकच, पण त्यांच्यावर तसे बंधन नाही. त्यांचा काळ दीड वर्षाचा. त्यांच्यासाठीही नोव्हेंबर २०२५ मध्ये वय अठरावर आणण्यात आले. आज जगभर असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी फिरत आहेत. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या कुटुंबाला दरमहा पाचशे डॉलर भरावे लागतात. आणि कुठे जायचे, हे मुलाने ठरवायचे नसते. पूर्वी सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून एक मोठे पांढरे पाकीट यायचे, ते सगळ्या गोतावळ्यासमोर फोडले जायचे. २०१८ पासून तो मजकूर संगणकावर येतो. पण गोतावळा जमतो तो जमतोच.

परदेशात हिंडलेल्या वाचकांनी ही मुले नक्की पाहिली असतील. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि कायम जोडी. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा अशीच एक जोडी आमच्या दारात उभी राहिली. मी आपल्या सवयीने चहाचे आधण ठेवले. ‘आम्ही चहा घेत नाही,’ मुले संकोचून म्हणाली. त्यांच्या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळेच वर्ज्य. मग मी कोकम सरबत केले. ते त्यांनी दोन-दोन ग्लास प्यायले. नवऱ्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि सांगितले, आम्ही आमच्या घरच्या श्रद्धेत सुखी आहोत. मुलांनी आभार मानले आणि जाता जाता आमच्या दारातला गुडघाभर बर्फ उपसून टाकला.

‘मिशनरी’ म्हटले की आपल्या कपाळावर आठी पडते, हे मी नाकारत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या दारावर टकटक करण्याचा हक्क कुणाला असावा, हा प्रश्न मलाही पडतो. पण टकटक करणारा हात जेमतेम अठरा वर्षांचा असतो आणि त्या हाताच्या मागे एक घर असते, हे मला शेजारच्या घराने दाखवले. त्या घरातल्या शेंडेफळाला आपण इथे धाकटा म्हणू. माझा मुलगा आणि तो एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलेले. गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा इंजिनियरिंगसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि सप्टेंबरात धाकट्याची निघायची वेळ झाली. त्याला बोलावणे आले होते जपानमधल्या साप्पोरोचे.

घरापासून दोन मैलांवर परदेश

निघण्याआधी शिक्षण असते. जपानीसारख्या अवघड भाषेसाठी साधारण नऊ आठवडे. करोनाच्या साथीनंतर त्यातला पहिला आठवडा घरूनच, संगणकावर होतो. बाकीचा काळ प्रोव्होच्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रात. इथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात आणि शिकवणारे बहुतेक जण नुकतेच मिशनवरून परतलेले, विद्यापीठात शिकणारे तरुण. व्याकरण पक्के झाल्यावर बोलू, अशी सवलत नाही. मोडक्यातोडक्या शब्दांत पहिल्याच आठवड्यांत धडा द्यायला उभे करतात. आमच्या लहानपणी विहिरीत ढकलून पोहायला शिकवीत, तसा प्रकार.

गंमत अशी, की धाकट्याच्या घरापासून हे केंद्र जेमतेम दोन मैलांवर. खिडकीतून तोच डोंगर दिसणार, जो तो जन्मापासून पाहत आला. पण फाटकाशी मोटार थांबली, दुसऱ्या एका मुलाने त्याची बॅग उचलली, आईने मिठी मारली, आणि दोन मिनिटांत तो आत. मग दोन वर्षे घर नाही. त्याची आई भाजी आणायला रोज त्या रस्त्यावरून जायची. एकदा मी तिच्या शेजारी बसले होते. केंद्र आले तशी तिने मोटार हळू केली. आत कुणीही दिसत नव्हते. काहीच न बोलता तिने पुन्हा वेग घेतला.

आतली शिस्त कडक. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रिणीबरोबर फिरणे नाही. आणि सर्वांत कठीण नियम म्हणजे, एकटे राहायचे नाही. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. स्वतःच्या खोलीचे दार लावून घेत वाढलेल्या अमेरिकन मुलाला हे किती जड जात असेल, याची कल्पना वन-रूम-किचनमध्ये सहाजणांत वाढलेल्या मला येणे कठीणच होते. पण धाकट्याने पहिल्याच पत्रात लिहिले, ‘रडायलासुद्धा जागा शोधावी लागते.’

पत्रे आठवड्यातून एकदा येतात, ई-मेलने. आणि फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरी बोलताही येते. त्याआधी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. शेजारीण मला म्हणाली, “माझ्या नवऱ्याने ब्राझीलहून दोन वर्षांत आईला चार फोन केले. मला आता दर रविवारी मुलाचा चेहरा दिसतो. सुख म्हणावं तर आहे. पण चेहरा दिसला की लपवलेलंही दिसतं ना!”

‘छान’ म्हणजे नको

नोव्हेंबरच्या मध्यावर धाकटा साप्पोरोला पोचला. जवळपास वीस लाख वस्तीचे हे होक्काइदो बेटावरचे शहर. हिवाळाभरात इथे सुमारे पाच मीटर बर्फ पडते. नव्या मुलाला पहिले बारा आठवडे एका अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली काढावे लागतात. धाकट्याचा गुरू ओकिनावाकडचा, वीस वर्षांचा. म्हणजे गुरू-शिष्यांच्या वयांत अंतर दोन वर्षांचे. पंथात या मुलांना ‘एल्डर’ म्हणजे ज्येष्ठ म्हणतात आणि जपानीत त्याचा शब्द आहे ‘चोरो’. मराठी कानाला तो भलताच ऐकू येतो. शेजारणीला मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. त्या आठवड्यातले तिचे ते पहिलेच हसू.

धाकट्याच्या पत्रांतून मला हळूहळू कळत गेले, की या पहिल्या आठवड्यांत ही मुले धर्म शिकवत नसतात. ती नकार शिकत असतात.

तो लिहितो, ‘दारावरची घंटा वाजवली की भिंतीतल्या डबीतून आवाज येतो, “केक्को देस.” मला वर्गात शिकवलेले, केक्को म्हणजे छान. मी खूश होऊन उभाच राहिलो. जोडीदाराने माझी बाही ओढली. म्हणाला, चल, ते नको म्हणताहेत.’ मला याचे नवल वाटले नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही आणि ‘येतो’ म्हणजे जातो, हे परक्या माणसाला कळायला किती दिवस लागतात! नकाराचा अर्थ शब्दकोशात मिळत नाही, तो दारात उभे राहूनच शिकावा लागतो.

धाकट्याने एकदा हिशेब लिहिला होता. एका दुपारी त्याने घंटा वाजवली एकतीस घरांची. दार उघडले चौघांनी. एका म्हातारबाबांनी त्यांना पाहून पुन्हा बंद केले. एका बाईंनी लहान मुलाला आत ओढले. ‘मला वाटले, मी काहीतरी भयंकर दिसतो की काय,’ हे त्याचे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते, म्हणून जास्तच.

चौथे दार एका आजींचे. त्यांनी मुलांना दारातल्या खोलगट जागेत, जिथे जोडे काढतात तिथे, बसवले. म्हणाल्या, ‘तुमचा धर्म मला नको. पण बाहेर बर्फ आहे, चहा घेऊन जा.’ आता आली पंचाईत. हिरवा चहासुद्धा या मुलांना वर्ज्य. धाकट्याला ‘नको’ कसे म्हणावे तेच सुचेना. जोडीदाराने अदबीने विचारले, मुगिचा आहे का? मुगिचा म्हणजे भाजलेल्या सातूचे पेय. ते त्यांना चालते. आजी हसल्या. म्हणाल्या, ‘मी तुमचे घेत नाही, तुम्ही माझे घेत नाही. फिटंफाट झाली.’ आणि त्यांनी मुगिचा गरम करून दिला. धाकट्याने लिहिले आहे, ‘दोन आठवड्यांत मला पहिल्यांदा कुणाच्या तरी घरात असल्यासारखे वाटले.’

मला वाटते, धर्माधर्मांत जे काही बोलणे व्हायचे ते बहुधा असेच व्हावे. दोन्हीकडून नकार आणि मध्ये गरम पेला.

तसे पाहिले तर नकार या मिशनला नवा नाही. जपानमध्ये मॉर्मन पहिल्यांदा आले १९०१ साली. चौघेजण होते, त्यांतला अल्मा टेलर जेमतेम एकोणीस वर्षांचा. तो साडेआठ वर्षे राहिला आणि त्याने पंथाचा ग्रंथ जपानीत आणला. १९०९ साली तो छापला गेला. तरीही १९२४ साली मिशन बंद करावे लागले, तेव्हा तेवीस वर्षांत दीक्षा घेतलेल्यांची संख्या दोनशेच्या आत होती. पुन्हा सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली. आणि वाचकांना आश्चर्य वाटेल, पण जपानमधल्या त्या पहिल्या चौघांच्याही अर्धशतक आधी यांचा एक माणूस आपल्या पुण्यात येऊन गेला होता. ह्यू फिंडले त्याचे नाव. १८५२ साली तो ब्रिटनमधून मुंबईला उतरला, मुंबई-पुण्याला काम केले. हाती लागली ती मूठभर माणसे. चार-पाच वर्षांत भारतातले ते सारे काम गुंडाळले गेले. पुण्याने त्याला ‘नको’ कोणत्या शब्दांत सांगितले असेल, याची कल्पना पुणेकर वाचकांनीच करावी!

विमानतळावरचा फलक

इतरांचे नकार धाकटा पचवत होता. त्याला जड गेला तो स्वतःचा.

साप्पोरोला पोचल्यावरच्या चौथ्या आठवड्यातली गोष्ट. त्यांचा सुटीचा दिवस सोमवार. कपडे धुणे, बाजारहाट, घरी फोन. जपान आमच्या सोळा तास पुढे, त्यामुळे तिकडच्या सोमवार सकाळचा फोन इकडे रविवारी संध्याकाळी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, “काल म्हणाला, मला घरी यायचंय.”

वाक्य साधे आहे. वसतिगृहात गेलेले प्रत्येक मूल ते कधी ना कधी म्हणते. पण या गावात त्याचे वजन वेगळे आहे. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर कधी उतरलात तर पाहा. मिशन पुरे करून येणाऱ्या मुलांसाठी आजी-आजोबा, काका-मावश्या, चिल्लीपिल्ली सगळे फुगे आणि फलक घेऊन उभे असतात. मध्येच परतणाऱ्या मुलासाठी कुणी फलक रंगवत नाही. त्याला कुणी टाकून बोलत नाही. लोक चांगले आहेत. पण कुणी काही विचारतही नाही आणि त्या न विचारण्याचाच त्रास फार होतो.

शेजारणीला हे ऐकून माहीत नव्हते, तिच्या घरात घडले होते. तिचा थोरला मुलगा पाच महिन्यांत परतला होता. छाती धडधडायची, झोप उडाली होती, जेवण जात नव्हते. “तो फोनवर सांगायचा,” ती म्हणाली, “आणि आम्ही म्हणायचो, अजून एक महिना काढ. मग अजून एक. आला तेव्हा बारा किलो उतरला होता. विमानतळावर आम्ही दोघंच होतो. त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं माहीत आहे? सॉरी, मॉम.”

थोरला आता बरा आहे. सुतारकाम करतो, त्याला गोड मुलगी आहे. पण धाकट्याच्या निरोपाच्या दिवशी तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता, हे मीही पाहिले होते.

वडिलांचे म्हणणे होते, सवय होईल, मलाही झाली होती. यात कठोरपणा नव्हता. ब्राझीलमधल्या त्यांच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्यांनाही पळून जावेसे वाटले होते, ते राहिले आणि त्या दोन वर्षांनी त्यांना घडवले, असे ते मनापासून मानतात. असे मानणारे इथे खूप आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. अठराव्या वर्षी परक्या भाषेत, परक्या माणसाबरोबर, रोज नकार झेलत राहिलेला मुलगा विसाव्या वर्षी वेगळाच होऊन येतो, हे मी गल्लीत अनेकदा पाहिले आहे. तो स्वतःचे कपडे धुतो, म्हाताऱ्यांशी बोलतो, ‘नाही’ ऐकून चिडत नाही. पण जे एकाला घडवते ते दुसऱ्याला मोडूही शकते, आणि दोघांतला फरक लांबून, पडद्यावरच्या चेहऱ्यावरून ओळखायचा कसा?

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारले.

ती म्हणाली, “मी त्याला म्हटलं, तू यायचं ठरवलंस तर विमानतळावर मी असेन. आणि फलक घेऊन असेन. राहायचं ठरवलंस तरी मी तुझीच आई आहे. पण ठरव तू. आणि तिथल्या प्रमुखांना आज सांग, की झोप येत नाही. ते लपवू नकोस.”

“मग?”

“बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, फलकावर काय लिहिशील? मी म्हटलं, तुझं नाव. दुसरं काय लिहिणार!”

हे सांगताना ती रडली. मी चहा ठेवणार होते, मग आठवण होऊन सरबत केले.

धाकट्याने प्रमुखांना सांगितले. त्याला समुपदेशकाशी बोलायला दिले गेले. तो पुढच्या रविवारी दिसला, त्याच्या पुढच्याही. हे लिहीत असताना तो साप्पोरोतच आहे. उद्या तो परतला, तर हा लेख चुकला असे मी मानणार नाही. घरी राहूनही सेवा करण्याचा मार्ग पंथाने ठेवलेला आहे. तो राहिला की आला, यावर मला या गोष्टीचा शेवट करायचाच नाही. माझ्या लेखी महत्त्वाचे घडून गेले आहे, ते त्या रविवारी संध्याकाळी.

मॉर्मन लोक माणसाच्या निवडीच्या स्वातंत्र्याला फार मानतात. ईश्वराने माणसाला दिलेली ती मोठी देणगी आहे, असे त्यांची शिकवण सांगते. त्यांची मुले दारोदार जातात ती दुसऱ्याला ‘तुम्ही निवडा’ असे सांगायलाच. मग ज्या मुलाला एकतीस घरांचा नकार हसत ऐकून घ्यायला शिकवायचे, त्याचा स्वतःचा एक नकार घरच्यांनी ऐकायला नको का? ही परीक्षा धाकट्याची जेवढी, तेवढीच त्याला पाठवणाऱ्यांची. ‘होय’ला किंमत येते ती ‘नाही’ म्हणायची मोकळीक असेल तरच.

आणि हे काही मॉर्मनांपुरते नाही. आपणही मुलांना अशाच मोहिमांवर पाठवतो. कुणी लातूरला, कुणी कोट्याला, कुणी साता समुद्रापार. फीचे हप्ते भरतो, गावाला पेढे वाटतो. तिकडे साडेपाचला उठून रात्री अकरापर्यंत घोकणाऱ्या पोराचे ‘मला घरी यायचंय’ हे वाक्य आपल्या कानांपर्यंत येते का? आले तर आपण किती वेळा ‘अजून एक महिना’ म्हणतो? कष्ट, शिस्त, दुरावा यांतून माणूस घडतो हे खरेच. पण परतीचे दार उघडे आहे, एवढे ठाऊक असलेला मुलगा तो दुरावा निराळ्या बळाने सोसतो.

त्या सोमवारी रात्री मी माझ्या मुलाला फोन लावला. काही कारण नव्हते. म्हटले, “हे बघ, तिथे नको वाटलं तर सरळ सांगायचं. मार्कांचं नंतर बघू.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, “आई, तुझी तब्येत बरी आहे ना?”